खाल्लेल्या साखरेचा माग: कार्बन-१३ काय सांगतो आणि काय सांगत नाही

सावकाश (धागालेखक)

साखरेवरच्या इथल्या चर्चांमध्ये दोन विधाने हटकून येतात. पहिले असे की, जास्तीची साखर यकृतात थेट चरबी होऊन बसते. दुसरे असे की, खाल्लेल्या फ्रुक्टोजपैकी एक टक्कासुद्धा चरबीत जात नाही हे प्रयोगांनी दाखवले आहे, तेव्हा पहिल्या विधानात तथ्य नाही. दोन्ही बाजू ज्या प्रयोगांचा हवाला देतात, ते एकाच घराण्यातले आहेत: स्थिर समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या, वजनाने वेगळ्या पण किरणोत्सारी नसलेल्या अणूंची) खूण केलेली साखर माणसाला द्यायची आणि ती खूण श्वासात, रक्तात, यकृतात कुठे उमटते ते पाहायचे. ही पद्धत समजून घेतल्याशिवाय दोन्ही विधानांचे मोल ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. म्हणून हा धागा.

निसर्गातल्या कार्बनचे सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ असतात आणि उरलेले जवळजवळ १.१ टक्के कार्बन-१३. कार्बन-१३ मध्ये एक न्यूट्रॉन जास्त असतो, एवढाच फरक. तो किरणोत्सारी नाही, तो क्षय पावत नाही आणि शरीरातली विकरे (एन्झाइम) त्याला जवळजवळ कार्बन-१२ सारखेच वागवतात. ज्या ग्लुकोजचे सहाही कार्बन या जड प्रकारचे आहेत, त्याच्या रेणूचे वस्तुमान १८० ऐवजी १८६ भरते, आणि मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र, हा फरक सहज ओळखतो.

या कल्पनेचा उगम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला. हॅरोल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तेथे जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, शोधला आणि १९३४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीतून तेथे आलेले रुडॉल्फ शोनहायमर आणि युरींचे शिष्य डेव्हिड रिटनबर्ग यांनी १९३५ मध्ये ड्युटेरियमयुक्त चरबी उंदरांना खाऊ घातली. तोपर्यंतची समजूत अशी होती की, खाल्लेले अन्न लगेच जळते आणि साठवलेली चरबी अडीअडचणीसाठी निपचित पडून असते. प्रत्यक्षात खाल्लेल्या चरबीचा मोठा भाग आधी साठ्यात गेलेला आढळला. साठा सतत भरतो आणि सतत रिकामा होतो, हे तेव्हा प्रथमच डोळ्यांना दिसले.

आता फ्रुक्टोज. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, लहान आतड्यात फुटून निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज होते. सहाही कार्बन जड असलेले फ्रुक्टोज यकृतात गेले की त्याचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना यकृतातले बिनखुणेचे तीन कार्बनी तुकडे भेटतात आणि त्यांच्या जोडणीतून नवे ग्लुकोज तयार होते. त्यामुळे रक्तात १८६ वस्तुमानाचे ग्लुकोज थोडे आणि १८३ चे पुष्कळ दिसू लागते. हे १८३ चे ग्लुकोज आयते आलेले नाही. ते तुटून पुन्हा जुळलेले आहे, हे त्या आकड्यावरूनच कळते. मला या पद्धतीतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

अशा प्रयोगांचा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विश्रांतीत असलेल्या माणसाने घेतलेल्या फ्रुक्टोजपैकी सरासरी ४५ टक्के तीन ते सहा तासांत जळून जाते, सुमारे ४१ टक्क्यांचे ग्लुकोज होते, काही भागाचे लॅक्टेट होते, आणि रक्तातल्या ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे चरबीत, थेट पोहोचणारा भाग एक टक्क्याहून कमी भरतो. (४५ आणि ४१ यांची बेरीज करू नये. ग्लुकोज झालेला भागही पुढे जळतोच.) दुसऱ्या विधानातला 'एक टक्का' तो हाच.

शंकासुर

लेख उत्तम आहे. मात्र मला दोन शंका आहेत. पहिली अशी की, निरोगी माणसांना समस्थानिक पाजणे निर्धोक असते का? दुसरी अशी की, तुम्ही सांगितलेला तो आढावा मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी लिहिलेला आहे. मक्यापासून फ्रुक्टोजयुक्त पाक बनवणाऱ्यांनी 'फ्रुक्टोजची चरबी होत नाही' असे म्हणावे, यात नवल ते काय?

सावकाश

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात शंभर ग्रॅमहून बराच अधिक कार्बन-१३ मुळातच असतो. प्रयोगात दिली जाणारी मात्रा त्यापुढे किरकोळ असते. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी जी श्वासचाचणी करतात, तिच्यात कार्बन-१३ ची खूण केलेला युरियाच पाजतात, आणि ती मुलांनाही देतात. पूर्वी याच कामासाठी कार्बन-१४ वापरत असत. तो किरणोत्सारी आहे आणि त्याचा अर्धायुष्यकाळ ५,७३० वर्षांचा आहे. स्थिर समस्थानिकांचे मोजमाप सुलभ झाल्यावर माणसांवरच्या प्रयोगांत त्याचा वापर घटला, तो याच कारणाने.

दुसरी शंका रास्त आहे. पण लेखक कोणाचे नोकर होते एवढ्यावरून आकडे खोटे ठरत नाहीत. ते आकडे निरनिराळ्या विद्यापीठांतल्या प्रयोगांतून गोळा केलेले आहेत आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. गफलत त्यांच्या अर्थात आहे. 'या कार्बन अणूचे सहा तासांत काय झाले' या प्रश्नाला खूण केलेली साखर उत्तर देते. 'रोज इतकी साखर खाल्ल्याने यकृतात काय बदलले' हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

समजा, मी शंभर ग्रॅम साखर खाल्ली आणि ती सगळी जळून गेली. खूण सांगेल की चरबी शून्य. पण त्या काळात शरीराने एरवी जी चरबी जाळली असती ती जाळली नाही, कारण इन्सुलिन वाढले आणि साठ्यातून चरबी सुटणे थांबले. जळाली साखर आणि वाचली चरबी. वाचलेल्या चरबीवर खूण नसल्यामुळे ती या हिशेबात कुठेच येत नाही. शिवाय प्रयोगात सहसा एकच मात्रा देतात, मोजमाप रक्तातल्या चरबीचे करतात, आणि यकृतात तयार झालेली चरबी रक्तात उतरायला वेळ लागतो.

घाटमाथा

मग दुसरा प्रश्न विचारणारे प्रयोग झालेले आहेत का?

सावकाश

झाले आहेत, आणि त्यांत खूण साखरेवर नसते. यकृत नवे फॅटी आम्ल (चरबीचा मूळ घटक) बांधते ते दोन कार्बनी तुकड्यांतून. खूण त्या तुकड्यांवर करता येते, म्हणजे कार्बन-१३ चे अ‍ॅसिटेट देता येते. किंवा जड पाणी पाजून त्यातला ड्युटेरियम नव्या चरबीत किती गुंफला गेला ते मोजता येते. मग तो कार्बन साखरेतून आला की आणखी कशातून, हे गौण ठरते. कारखाना किती वेगाने चालू आहे, ते थेट कळते.

२००५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या यकृताची बायॉप्सी वैद्यकीय कारणाने ठरलेलीच होती अशा, यकृतात चरबी साठलेल्या नऊ रुग्णांना बायॉप्सीच्या आधी चार दिवस वेगवेगळ्या खुणा दिल्या गेल्या: एक रक्तातल्या मुक्त फॅटी आम्लांवर, एक अन्नातल्या चरबीवर, एक नव्याने बांधल्या जाणाऱ्या चरबीवर. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के रक्तातल्या फॅटी आम्लांतून आलेली निघाली, १५ टक्के अन्नातून, आणि २६ टक्के यकृताने स्वतः बांधलेली. निरोगी, उपाशीपोटी माणसात हा शेवटचा वाटा फारच लहान असतो. प्रत्यक्ष यकृताचा तुकडा हाती असल्यामुळे मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. रुग्ण नऊच होते, हेही ध्यानात ठेवावे.

२०२१ मध्ये झुरिकहून आलेला अभ्यास आपल्या प्रश्नाला अधिक नेमका भिडतो. चौऱ्याण्णव सडपातळ, निरोगी पुरुषांचे गट पाडून काहींना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर पेयातून दिली. एका गटाला फ्रुक्टोज, एकाला सुक्रोज, एकाला ग्लुकोज, आणि एका गटाला असे पेय नाहीच. फ्रुक्टोज आणि सुक्रोज घेणाऱ्यांच्या यकृतात फॅटी आम्ले बांधण्याचा वेग तुलनेच्या गटाच्या साधारण दुप्पट झाला. ग्लुकोजने तसे झाले नाही. म्हणजे फ्रुक्टोजचा कार्बन चरबीत फारसा न जाताही, फ्रुक्टोजमुळे चरबीचा कारखाना जोरात चालू शकतो. 'एक टक्का' आणि 'दुप्पट' हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. सुरुवातीच्या दोन विधानांपैकी पहिल्यातला 'थेट' हा शब्द गाळावा लागतो आणि दुसऱ्यातला 'तेव्हा' गाळावा लागतो.

उसाचा फड

आम्ही कोल्हापूरकडचे ऊस उत्पादक. उसाच्या साखरेत कार्बन-१३ मुळातच जास्त असतो, असे कुठेतरी वाचले होते. तसे असेल तर विकत आणलेल्या महागड्या साखरेची गरजच काय? आपली साखर किंवा गूळ पाजून श्वास तपासावा.

सावकाश

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो, कारण उत्तराचा निम्मा इतिहास उसाच्याच संशोधनाचा आहे. बहुतेक वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या विकराने पकडतात, ते रुबिस्को जड कार्बन घ्यायला नाखूश असते. म्हणून भात, गहू, बटाटा, शुगरबीट, शेंगदाणा यांच्यात कार्बन-१३ कमी भरतो. उसाची रीत निराळी आहे. तो आधी वेगळ्या विकराने कार्बन पकडून चार कार्बनी आम्ल बनवतो आणि मग पानाच्या आतल्या, जवळजवळ बंद पेशींत रुबिस्कोच्या हवाली करतो. तेथे निवडीला फारसा वाव उरत नाही, त्यामुळे जड कार्बनही मुकाट्याने साखरेत जातो. १९६५ मध्ये हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी या मार्गाची पहिली स्पष्ट चिन्हे छापली आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी तो उलगडला. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी याच कुळातल्या रीतीच्या आहेत.

फरक किती, तर एक लाख कार्बन अणूंमागे गव्हात सुमारे १,०७७ अणू कार्बन-१३ चे, उसाच्या साखरेत सुमारे १,०९२. पंधरा अणूंचा फरक. शास्त्रज्ञ हा फरक एका प्रमाणाशी तुलना करून दर हजारी मांडतात. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या पी डी थरांत सापडलेला बेलेम्नाइट जीवाश्म हे मूळ प्रमाण. त्या मापाने गहू-तांदूळ उणे २६ च्या आसपास आणि ऊस-मका उणे १२ च्या आसपास येतात. यंत्र दर हजारी ०.१ इतका फरक पकडते, त्यामुळे चौदाचे अंतर त्याला भरपूर झाले.

तुम्ही सुचवलेला प्रयोग १९७३ मध्ये युरोपात झालेला आहे. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने मक्यापासून बनवलेले साधे ग्लुकोज पाजून श्वास तपासला आणि निसर्गानेच खूण केलेले ग्लुकोज वापरता येते असे दाखवले. युरोपीय माणूस गहू, बटाटा आणि बीटची साखर खाणारा, म्हणून त्याचा श्वास उणे २५ च्या जवळपास असतो आणि मक्याचे ग्लुकोज त्यावर उठून दिसते.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. जरा हिशेब करू. विश्रांतीत बसलेला माणूस तासाला साधारण अर्धा मोल कार्बन डायऑक्साइड सोडतो. तासाला सात ग्रॅम साखर जळली तर त्यातून जवळपास पाव मोल कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे श्वासातला निम्मा. ज्याचा मूळचा श्वास उणे २५ आहे, त्याचा उणे १८.५ पर्यंत चढेल. साडेसहाची उडी कोणालाही दिसेल. पण जो ज्वारीची भाकरी खातो, गुळाचा चहा घेतो, आणि ज्याच्या घरचे दूध कडबा आणि उसाचे वाढे खाणाऱ्या म्हशीचे आहे, त्याचा मूळचा श्वासच उणे १५ किंवा त्याहून वर असू शकतो. त्याने तेवढीच साखर जाळली तरी उडी जेमतेम दीडची. खाणारा पक्का बाजरीचा असेल तर उडी जवळजवळ नाहीच. पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखे ते होईल.

मिनेसोटाकर

सावकाश यांच्या मुद्द्याला अमेरिकेतून दुजोरा देतो. इथे मका सगळीकडे आहे: पाकात, कोंबडीत, गोमांसात, दुधात. त्यामुळे इथल्या माणसांचा मूळ श्वास युरोपीय माणसापेक्षा वरच असतो. हीच गोष्ट उलट बाजूने वापरण्याचा प्रयत्न मात्र झालेला आहे. मका आणि ऊस यांची साखर जड, तर रक्त किंवा केसांतला कार्बन-१३ पाहून माणूस किती गोड खातो ते ओळखता येईल का, असा तो विचार. 'तुम्ही किती साखर खाता' या प्रश्नाला लोक खरे उत्तर देत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

अडचण अशी की, मका खाल्लेल्या कोंबडीचे मांसही जड आणि समुद्रातले मासेही जड. अलास्कातल्या युपिक लोकांवर अलास्का विद्यापीठाने केलेले काम यासाठी वाचण्यासारखे आहे. त्यांच्या आहारात समुद्री मासे आणि सागरी प्राणी भरपूर, त्यामुळे नुसत्या कार्बनवरून काहीच सांगता येईना. मग त्यांनी नायट्रोजन-१५ ची, म्हणजे जड नायट्रोजनची, जोड दिली. नायट्रोजन-१५ मासे किती ते सांगतो, साखरेत नायट्रोजन नसतोच, आणि दोन्ही मिळून साखरेचा अंदाज बरा येतो. पुढे त्यांनी तांबड्या रक्तपेशींतल्या अ‍ॅलानिन या एकाच अमिनो आम्लाचा कार्बन वेगळा काढून मोजला, कारण अ‍ॅलानिनचा सांगाडा शरीर मुख्यतः साखरेच्या विघटनातूनच बनवते.

शंकासुर

थोडे अवांतर विचारतो. मधातली भेसळ पकडण्यासाठी हीच चाचणी वापरतात ना?

सावकाश

होय. मधमाशा मुख्यतः ज्या फुलांवर जातात ती गहू-तांदळाच्या गटातली, म्हणून शुद्ध मध उणे २५ च्या आसपास असतो. त्यात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळला की आकडा वर सरकतो. मधातल्याच प्रथिनाशी तुलना करून भेसळ सात टक्क्यांपर्यंत असली तर सोडून देतात, त्याहून जास्त असली तर पकडतात. म्हणून भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले. तो मधाइतकाच हलका. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने जे प्रकरण उघड केले, त्याचे मर्म हेच होते. मूळ विषयाकडे वळू या.

घाटमाथा

मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असलेली पेये अधिक उपयोगी पडतात असे त्यांच्या वेष्टनावर लिहिलेले असते. त्यामागे हीच पद्धत आहे का?

सावकाश

हीच आहे, आणि या पद्धतीच्या सर्वांत स्वच्छ निष्कर्षांपैकी तो एक आहे. नुसते ग्लुकोज कितीही प्यायले तरी बाहेरून आलेल्या साखरेचे ज्वलन मिनिटाला साधारण एका ग्रॅमवर अडते. अडथळा स्नायूंत नसून आतड्यात आहे: ग्लुकोज आत घेणारा वाहक भरून जातो. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा असल्यामुळे दोन्ही एकत्र दिली तर दोन्ही दारे उघडतात. २००४ च्या सुमारास बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगांत ज्वलनाचा वेग मिनिटाला सव्वा ग्रॅमच्या वर गेला आणि अधिक मात्रेत पावणेदोन ग्रॅमपर्यंतही गेला.

त्या प्रयोगांची पूर्वतयारी पाहण्यासारखी आहे. सायकलस्वारांना काही दिवस आधी दमवणारा सराव करायला लावत, म्हणजे स्नायूंतले जुने ग्लायकोजेन (साठवलेले ग्लुकोज) संपावे, आणि तेव्हापासून मका आणि उसाचे पदार्थ वर्ज्य करत. शिवाय प्रत्येकाची एक फेरी नुसत्या पाण्यावर होई, कारण व्यायामाने चरबी आणि ग्लायकोजेन यांचे प्रमाण बदलले की श्वास आपोआप थोडा सरकतो. ती सरक वजा केली नाही तर पाण्यालासुद्धा ऊर्जा असल्याचे 'सिद्ध' होईल.

व्यायामात आणखी एक सोय असते. जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लगेच श्वासात येत नाही. त्यातला काही रक्तातल्या आणि ऊतींतल्या बायकार्बोनेटमध्ये अडकून राहतो. विश्रांतीत ही गळती मोठी असते आणि ती दुरुस्त करावी लागते. व्यायामात श्वास जोरात चालल्यामुळे अडकलेला भाग फार नसतो.

उसाचा फड

फ्रुक्टोजचे हे सगळे यकृतात होते, असे आपण म्हणता. अलीकडे आतड्याचाही उल्लेख ऐकला.

सावकाश

ते काम प्रिन्स्टनचे, २०१८ चे. उंदरांना खूण केलेले फ्रुक्टोज देऊन आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतले रक्त तपासले, तेव्हा लहान मात्रेतले बहुतांश फ्रुक्टोज लहान आतड्यातच ग्लुकोज आणि काही आम्लांत बदललेले आढळले. मात्रा वाढवली की आतड्याची कुवत संपते आणि उरलेले यकृताकडे आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे जाते. २०२० मध्ये त्याच वर्तुळातून असे दिसले की, जिवाणू त्याचे अ‍ॅसिटेट करतात आणि यकृत त्या अ‍ॅसिटेटची चरबी बांधते. म्हणजे फ्रुक्टोजचा कार्बन चरबीत जाण्याची एक आडवाटही आहे. हे सर्व उंदरांतले आहे, आणि उंदराची मात्रा माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही.

उसाचा फड

शेवटचा प्रश्न. सोलापूर किंवा कोल्हापूरच्या माणसांवर असा अभ्यास करायचाच झाला तर कसा करावा?

सावकाश

नैसर्गिक खुणेचा नाद सोडावा लागेल. जिचे सहाही कार्बन जड आहेत अशी साखर थोडीशी घेऊन ती साध्या साखरेत मिसळली की पार्श्वभूमी उणे १५ असो वा उणे २५, खूण तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होते. अशा कामाची सवय असलेल्या जागा देशात आहेत. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत पोषणावर स्थिर समस्थानिकांचे काम अनेक वर्षे चालते. जड पाणी तर आपल्या रायगड जिल्ह्यात थळला बनते.

तरीही आधीचे काही दिवस सर्वांचा आहार सारखा ठेवावा लागेल: भात, गव्हाची पोळी, तूरडाळ, आणि चहा बिनसाखरेचा. दूध वगळलेले बरे, कारण जनावराने काय खाल्ले ते आपल्या हाती नसते. त्या दिवसांत कोणाचा उपवास येत असेल तर तेही विचारून घ्यावे. साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणा चालतील. पण वरी आणि राजगिरा दोन्ही उसाच्याच रीतीचे आहेत, त्यामुळे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला पहिला श्वासाचा नमुना राजगिऱ्याच्या लाडवाचीही नोंद देईल.